सरांची सळई

आमच्या घरात नदीला नदी कोणी म्हणत नसे. पावसाळ्यात ती वणामाय असायची आणि पाणी ओसरून पांढरी रेती उघडी पडली की नुसती ‘वाडी’. बाबा कुठं गेले म्हणून कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, वाडीत. हिंगणघाटच्या भोईपुऱ्यात सगळ्याच घरांचं असं होतं. दिवाळी झाली की पुरुषमाणसं पात्रात उतरत, निरगुडीच्या फांद्या रोवून रेतीवर आपापल्या हद्दी आखत, मधोमध नारळ फोडत, आणि मग उन्हाळा सरेपर्यंत त्या फांद्यांच्या आत डांगरं म्हणजे खरबुजं, टरबुजं, काकड्या पिकवत. या हद्दींना कागद नव्हता. पूर दरवर्षी त्या पुसून टाकायचा आणि दरवर्षी त्या जवळपास तिथंच परत उमटायच्या, कारण कोणाचा आजा कुठं वाडी लावत होता हे सगळ्यांना तोंडपाठ. हातभर इकडंतिकडं झालं म्हणून भांडणं होत, शिव्यांना तर तोटाच नसे, पण कोणी कोणाची फांदी उपटलेली मी कधी पाहिली नाही.

आणखी एक रीत होती. आपल्या वाडीत रेती किती खोल आहे आणि ओल कुठं लागते, हे घराबाहेर बोलायचं नाही. वेल लावताना ओल लागेपर्यंत रेती हातानं उकरत जावं लागतं, मग त्या खड्ड्यात शेणखत घालायचं आणि फडक्यात बांधून उबेला ठेवलेलं, मोड आलेलं बी टोचायचं. कुठं हातभर उकरलं की माती लागते, कुठं कोपर बुडालं तरी कोरडंच. ज्याच्या वाडीत रेती खोल आणि तरी ओल वर, त्याची डांगरं पार वैशाखापर्यंत टिकत. आमची वाडी तशी होती, नदीच्या वळणावर, काठावरच्या वाकड्या बाभळीसमोर. माझी माय म्हणायची, “वाडीची खोली अन् पोरीचं वय कोनाले सांगू नये.” माझं वय तिला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं, तो भाग वेगळा. पण वाडीची खोली तिला बोटाबोटानं माहीत होती.

संक्रांतीपासून आमचं बिऱ्हाड रेतीवरच असे. कापसाच्या पळाट्यांची खोपडी, वर गवत, आत एक बाज, तीन दगडांची चूल. वाऱ्याबरोबर रेती पिठात यायची, म्हणून माय भाकरी थापताना पाठीनं वारा अडवून बसायची आणि तरी ज्वारीची भाकर दाताखाली कचकच वाजायचीच. तिच्याबरोबर अंबाडीची भाजी, नाहीतर फुटलेल्या टरबुजाच्या पांढऱ्या गराची तिखटजाळ भाजी. लाल गर बाजारात जायचा, पांढरा आमच्या वाट्याला. अजूनही मला टरबूज खाताना लाल भाग संपला की खरं खायचं पुढंच आहे असं वाटतं. माझी नातवंडं हसतात. कोल्हे हाकलायला बाबांनी बांबूला रॉकेलचा फुटका डबा टांगला होता, त्याची दोरी बाजेला बांधलेली. आणि दिवसाचे ठोके द्यायला गावातल्या गिरणीचा भोंगा होता. सकाळचा भोंगा झाला की मी दप्तर घेऊन रेती तुडवत शाळेला निघायची. पायातली रेती काठावरच्या दगडावर झटकायची आणि मगच चपला घालायच्या.

शाळेत आम्हाला भूगोल शिकवायला हिवसे सर आले तेव्हा मी नववीत गेले होते. त्यांच्याआधी भूगोल म्हणजे घोकंपट्टी. नद्या, त्यांचे उगम, कापसाची काळी जमीन, पुढचा धडा. हिवसे सरांनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटायला लावलं आणि विचारलं, “आपल्या गावातलं पाणी कोणत्या दिशेनं वाहते?”  एकटी मी बोलले. त्यांनी मला शेवटच्या बाकावरून उठवून पहिल्या बाकावर बसवलं. भोयाची पोर पहिल्या बाकावर, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. घरी सांगितलं तर बाबांनी जाळं विणता विणता दोनदा विचारलं, “सगळ्याइच्या पुढं?” आणि नंतर पुऱ्यात ज्याला त्याला ऐकवलं. त्या माणसानं मला काय दिलं हे मी नाकारणार नाही. देणाऱ्यानंच फसवलं म्हणून तर ते इतकं लागलं.

त्या हिवाळ्यात सरांनी क्षेत्रभेट ठरवली. हा शब्दच आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. आम्हाला वाटलं सहल, म्हणजे पुरी-भाजी आणि गाण्याच्या भेंड्या. सर म्हणाले, “डबा आणा. पण प्रश्न घेतल्याशिवाय कोणी निघायचं नाही.” आधी आठवडाभर वर्गात नुसती तयारी चालली. काय शोधायचं, कशानं मोजायचं, कोणी कुठं उभं राहायचं, कोणाला कसं विचारायचं, चप्पल कुठं काढायची इथपर्यंत. प्रत्येकानं जायच्या आधी आपला अंदाज लिहायचा, मग मोजायचं, आणि परत आल्यावर अंदाज कुठं फसला ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. याला सर मूल्यमापन म्हणत. “कोण बरोबर आलं हे पाहायचं नाही, कोण कुठं चुकलं ते पाहायचं,” ते म्हणायचे. पुढं मी स्वतः उभी हयात भूगोल शिकवला, तो याच पद्धतीनं. याहून चांगली पद्धत मला कोणी दाखवलेली नाही, हे लिहितानाही माझ्या कपाळाची शीर उडते.

पहिला दिवस गावाचा. एका गटाकडं बाजारातली दुकानं, एकाकडं रस्ते आणि नाल्या, आणि माझ्या गटाकडं नवी बांधकामं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, तरी स्टेशनच्या बाजूला घरामागून घर उठत होतं. आम्ही प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचो, विटा कुठून आणल्या, लाकूड कुठून, रेती कुठून. रेती लांबून यायची, बैलांच्या बंड्यांनी, अर्धा दिवस मोडून. मी एका मिस्त्रीला म्हटलं, नदी तर इथंच आहे. तो हसला. “इथची रेती भोयाच्या वाड्याइत हाय ना बाई. तिथं कोन हात लावू देईन?” मला तेव्हा त्याचं बोलणं आवडलं होतं. आपलं कोणीतरी नाव घेतलं असं वाटलं.

दुसरा दिवस नदीचा. सगळा वर्ग आमच्या घरी यावा तसा मला आनंद झाला होता. सरांसोबत त्यांचे मेव्हणे आले होते, गावात छोटीमोठी ठेकेदारी करणारे, पांढरा पायजमा घातलेले. “मला मदत करायला आले,” सर म्हणाले. मेव्हण्यांच्या खांद्यावर माणसाहून उंच लोखंडी सळई होती, टोकाला धार लावलेली आणि अंगावर लाल रंगाचे पट्टे मारलेले. पाण्याचा वेग मोजायला सरांनी संत्री आणली होती. वर एकानं संत्रं सोडायचं, खाली दुसऱ्यानं पकडायचं आणि मधला वेळ घड्याळात पाहायचा. खालच्या पोरांनी एकही संत्रं परत दिलं नाही. सर ओरडले, “अरे साधनं खाऊ नका रे!” आणि स्वतःच हसत सुटले. मग रुंदी मोजली, काठाची उंची मोजली, आणि शेवटी सळई निघाली.

रेतीची खोली मोजायची म्हटल्यावर माय खोपडीच्या दारातून आत गेली. बाबांना आत बोलावून ती काय म्हणाली ते मी बाहेरून ऐकलं.

“काऊन सांगून राह्यले तुमी? आजवर सख्ख्या भावाले नाई सांगितलं.”

“अवं, पोराइचा अभ्यास हाय तो.”

“अभ्यासाले बाकी नदी नाई का?”

“गुरुजीनं पोरीले पुढं बसवलं. मी त्याइले माघारी पाठवू का आता?”

 मायनं चुलीवरची भाकर उलटली, तिचा आवाज बाहेर आला. बाबा बाहेर आले आणि स्वतः सळई हातात घेऊन पुढं चालू लागले. वेलांच्या खड्ड्यांमधून पाय जपून ठेवत त्यांनी दाखवलं, इथं टोचा गुरुजी, इथं नका टोचू, इथं खाली खडक हाय. इतर वाड्यांमध्येही त्यांच्या शब्दावर लोकांनी येऊ दिलं. वाकड्या बाभळीसमोर, आमच्या हद्दीत, सळई शेवटच्या लाल पट्ट्यापर्यंत गेली आणि तरी टेकली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हणे खाली वाकून ती मूठभर रेती तळहातावर घोळवत होते. नंतर मायनं सगळ्यांना काकड्या चिरून तिखटमीठ लावून दिल्या. मेव्हण्यांनी दोन खाल्ल्या आणि फार गोड आहेत म्हणाले.

निघताना सर मुलांना म्हणाले, “पुढच्या वर्षी याच दिवसांत, याच जागी, याच सळईनं परत मोजायचं. नदी दरवर्षी बदलते. एकदा मोजलं तो अंदाज, परत येऊन मोजलं तो अभ्यास. येणार ना?” सगळे ओरडले, येणार. बाबाही म्हणाले, “येजा गुरुजी. तवा डांगरं खाऊ घालीन, काकड्याइवर नाई भागवनार.”

मूल्यमापनाच्या तासाला सरांनी भिंतीवर दोन मोठे तक्ते लावले. डावीकडं गाव, उजवीकडं नदी. एकेकानं उठून आपला अंदाज कुठं चुकला ते सांगितलं, हसाहशी झाली, सर कोणाला टोचून बोलले नाहीत. शेवटी ते म्हणाले, “आता दोन्हीकडं एकदम पाहा. काय दिसते?” दोघातिघांनी उठून नुसते आकडे वाचले. मला दिसलं. मी उठून म्हटलं, “सर, गावात घरं वाढून राह्यली अन् रेती लांबून आणा लागते. अन् रेती तर इथंच हाय, आमच्या वाडीइत, सगळ्यात खोल.” सर जागचे उठले. माझ्याजवळ येऊन त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाले, “याला निष्कर्ष म्हणतात. ऐका पुन्हा. मंदा, परत सांग.” मी परत सांगितलं, अधिक मोठ्यानं. क्षेत्रभेटीला सगळ्यात जास्त गुण मला मिळाले.

पुष्कळ लोक माझ्याकडून अपेक्षा करतात की इथं मी स्वतःला दोष द्यावा. मी देत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं मी बरोबर उत्तर दिलं होतं. तो प्रश्न कोणासाठी विचारला जात होता, हे कळण्याचं काम नववीतल्या पोरीचं नव्हतं.

पुढची दिवाळी झाली. बाबा नेहमीसारखे निरगुडीच्या फांद्या आणि नारळ घेऊन नदीवर गेले. माय घरी बी निवडत बसली होती आणि मी तिच्याजवळ. फार लवकर बाबा परत आले. फांद्या नव्हत्या, पण नारळ हातात तसाच होता. माय त्या नारळाकडं पाहत राहिली.  बाबाच म्हणाले, “आपल्या जागेवर टॅक्टर उभा हाय.”

मी धावत नदीवर गेले. तहसिलीत त्या वर्षी रेतीघाटाचा हर्रास झाला होता, सगळ्यात मोठी बोली बोलणाऱ्याला घाट मिळाला होता, आणि हे भोईपुऱ्यात कोणाच्या कानावर आलं नव्हतं. पात्र लांबच लांब पसरलं होतं, कुठूनही खणता आलं असतं. पण ट्रॅक्टर वाकड्या बाभळीसमोर उभा होता, मजूर तिथंच फावडी मारत होते आणि खड्ड्याच्या कडेला रेतीत रोवलेली सळई होती. लाल पट्ट्यांची. तिच्यावर कोणीतरी आपला दुपट्टा वाळत घातला होता. खुर्ची टाकून सरांचे मेव्हणे बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि बिचकले नाहीत, उलट हात वर करून म्हणाले, “काय वो, शाळा नाही का आज?” सळई पाहिली आणि गावाचा तक्ता, नदीचा तक्ता, तो मिस्त्री, तळहातावर घोळवलेली रेती, सगळं एकमेकांना येऊन चिकटलं.   काठावरच्या ज्या दगडावर मी रोज पाय झटकायची, तिथं पाय न झटकताच मी चपला घातल्या आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सरांच्या घरी निघाले आणि मला सोबत घेतलं. बाबांच्या हातात तोच नारळ होता. सरांनी आत बसा म्हटलं, बाबा पायरीवरच बसले. सरांच्या बायकोनं चहा आणला. सर बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग आपणहून म्हणाले, “हे पाहा, नदी सरकारची आहे. हर्रास उघड झाला. आमच्या मेव्हण्यांनी घेतला नसता तर दुसऱ्या कोणी घेतलाच असता.”

“घेतला असता गुरुजी,” बाबा म्हणाले. “पन कुठं खनाचं ते त्याले कोन सांगितलं असतं?”

 मग सरांनी जे केलं ते मी आजवर विसरू शकलेले नाही. ते माझ्याकडं वळले आणि अगदी वर्गातल्या आवाजात, प्रेमानं म्हणाले, “मंदा, तू हुशार आहेस. तू तरी समजावून सांग बाबांना.”

 बाबा उठले. त्यांनी नारळ सरांच्या टेबलावर, गृहपाठाच्या वह्यांशेजारी ठेवला. “वाडीचा नारळ हाय. ज्याची वाडी त्यानं फोडाचा असते,” एवढं म्हणून ते पायऱ्या उतरले. चहा त्यांनी प्यायला नव्हता.

एका हिवाळ्यात आमची वाडी गेली, पुढच्या दोनतीन हिवाळ्यांत बाकीच्यांच्या. भोईपुऱ्यात लोक बाबांना तोंडावर म्हणायचे, वाट तूच दाखवली.  बाबा जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी वाहायला जाऊ लागले आणि मरेपर्यंत पात्रात उतरले नाहीत. माय मात्र उतरली. घमेली भरायला बाया लागत होत्या. “रेतीसंगं का भांडन हाय माहं?” ती म्हणायची, आणि आपल्याच वाडीची रेती डोक्यावरून वाहून ट्रॉलीत टाकायची. शाळेतून मला कोणी काढलं नाही. पण नदीबद्दल बाबा माझ्याशी परत कधी बोलले नाहीत. ओल कशी ओळखायची, पुराआधी पाणी कसं गढुळतं, हे ते मला लहानपणापासून येताजाता सांगायचे. आता मी विचारलं तर म्हणत, “तुया पुस्तकात असन ना.” बापाचं हे बोलणं सरांनी माझ्याकडून नेलं आणि त्याचा हर्रासही झाला नाही.

मी शिकले, डी.एड. केलं, मग बी.ए. केलं, आर्वीला आणि नंतर वर्ध्याला भूगोल शिकवला. लोक विचारतात की या विषयाचा तिटकारा कसा नाही आला. विषयानं मला कुठं फसवलं होतं? मी पोरांना नदीवर नेलं, संत्री सोडली, ती पोरांनी खाल्ली. रुंदी मोजली, वेग मोजला. रेतीत सळई मात्र मी कोणाला टोचू दिली नाही. आणि दरवर्षी त्याच जागी परत घेऊन गेले.

हिवसे सर मला त्यानंतर एकदाच समोरासमोर भेटले. सिंदी मेघेला एका जुन्या वर्गमैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. सर खूप म्हातारे झाले होते, कोणीतरी त्यांना खुर्चीवर आणून बसवलं होतं आणि जुने विद्यार्थी एकेक करून पाया पडत होते. मला टाळता आलं असतं. मी गेले, पण वाकले नाही, हात जोडले. त्यांनी मला लगेच ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. शेजारच्या माणसाचा हात धरून ते म्हणाले, “ही मंदा. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. आमची एक क्षेत्रभेट झाली होती वणेवर, निष्कर्ष हिनं काढला होता. वर्गात दुसऱ्या कोणालाच जमला नाही.”

त्यांना काहीच आठवत नव्हतं असं नाही. त्यांना सगळं आठवत होतं आणि ते खुश होते. मी इतकी वर्षं मनात भांडणं रचून ठेवली होती, त्यातलं एकही त्या चेहऱ्यापुढं बाहेर येईना. मग मी त्यांनीच शिकवलेलं विचारलं.

“सर, मूल्यमापन राहिलं आहे. पुढच्या वर्षी त्याच जागी परत मोजू म्हणाले होते तुम्ही. कधी जायचं?”

सरांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. त्यांना गंमत वाटली असावी. जिलेबीचा तुकडा तोंडात टाकत, अगदी सहज, ते म्हणाले, “अगं, आता काय उरलं आहे तिथं मोजायला?”